ब्लोअरमधलं पीठ

पुसद नाक्याच्या अलीकडचा गतिरोधक धनराजला नेहमीप्रमाणे दिसला नाही. गाडी आदळली आणि डॅशबोर्डच्या डाव्या जाळीतून चिमूटभर पांढरं काहीतरी उडून गोमतीबाईंच्या गुडघ्यावर पडलं. घडलं ते एवढंच. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवून आपलं मत नोंदवलं, धनराजनं गिअर बदलला, आणि डोळ्यांच्या दवाखान्यातून घराकडे निघालेले मायलेक पुन्हा घराकडे निघाले. मोतीबिंदू काढल्यावर दिलेला काळा चष्मा मायनं कपाळावर सरकवला. वाकून गुडघ्याकडे पाहिलं, बोट टेकवलं, ते जिभेला लावलं, आणि जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला लागावा तितकाच वेळ घेऊन ती म्हणाली, "ज्वारीचं हाय." मग रस्ता थोडा मागे पडल्यावर, "जगदेवचं पीठ हाय हे. म्हंजे आतच हाय अजून." धनराजला हसू यायला हवं होतं. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि हसण्याच्या असल्या जागा त्याच्याकडून सहसा सुटत नसत. पण वर्षभर नुसता खडखडणारा हीटरचा ब्लोअर त्याच वेळी दोनदा अडखळला आणि बंद पडला. डिसेंबरातल्या सकाळी गाडीत जी थोडीफार ऊब होती ती पावलांकडून वर निघून जाऊ लागली. मायनं पदर घट्ट ओढून घेतला आणि आपल्या उजवीकडे, म्हणजे धनराजकडे, जरा निरखून पाहिलं. आपल्याकडे पाहताना ती आपल्याला पाहत नाही आहे, असं त्याला वाटलं. ते त्यानं नव्या डोळ्यावर ढकललं.

जगदेव म्हणजे त्याचा मोठा भाऊ, आणि गाडी मूळची जगदेवची. वाशीम जिल्ह्यात मोटारीला हीटर असणं म्हणजे बाभळीला छत्री असण्यासारखं. विकणारा तो दाखवत नाही आणि घेणारा विचारत नाही. पण जगदेवला त्याचा शौक होता. थंडीच्या दिवसांत पहाटे रिसोडच्या बाजारात सोयाबीनचा नमुना घेऊन निघताना तो काचा लावायचा, हीटर पूर्ण सोडायचा, आणि बंडी घालून घाम पुसत पुसत जायचा. गेल्या वर्षी असाच निघालेला असताना त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी व्यवस्थित उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मेला. तांड्यावरच्या लखीरामनं त्याला पाहिलं, मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी चालवत घरी आणलं. हीटर कुठल्या बटणानं बंद होतो ते लखीरामला ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं गाडीत कोणी नव्हतं. दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखा झोत आला. मायनं पोराचा हात हातात घेतला. हात गरम होता. नुसता गरम नव्हे, तापातल्या माणसासारखा. डॉक्टरनं सांगितलं, गावानं सांगितलं, धनराजनं वाशीमहून येऊन उष्णतेच्या वहनाबद्दल चार वाक्यं सांगितली. मायनं सगळं ऐकलं आणि ती एवढंच म्हणाली, "गरम माणसाले नेऊन राह्यले तुमी." त्यानंतर ती रडली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. घरात सगळ्यांना वाटलं, उशिरा रडेल. मग सगळे आपापलं रडून मोकळे झाले आणि ती तेवढी राहून गेली.

रीत अशी, की माती झाली त्या रात्री जिथं जीव गेला तिथं ताटात ज्वारीचं पीठ चाळून सारखं करायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी पाहायचं. पिठावर ज्याचं पाऊल उमटेल त्या जन्माला माणूस गेला. पाखराचं, गाईचं, लेकराचं. जीव गाडीत गेला होता, म्हणून मायनं ताट गाडीत ठेवायला लावलं. ड्रायव्हरच्या पायाशी पेडल आडवे येत होते, तेव्हा डावीकडे, ग्लोव्हबॉक्सखालच्या जागेत. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे झालं. सकाळी त्या गाडीमुळे मंडपवाल्याचा टेम्पो अडला, आणि जगदेवचा जावई हरीओम, जो सासुरवाडीत कधी पाण्याचा पेला उचलत नसे, तो नेमका त्या दिवशी कामाला धावला. त्यानं गाडी सुरू केली. हीटरचं बटण जगदेवनं ठेवलं तसंच शेवटच्या खुणेवर होतं. गाडीच्या आतलीच हवा फिरवणारा पंखा हवा ओढतो तो ग्लोव्हबॉक्सच्या खालून. टोपली उडाली, ताट रिकामं झालं, हरीओम शिंकत बाहेर आला. कोणी काहीच पाहिलं नव्हतं. जावयाला बोलणार कोण? बायकांनी त्याला चहा दिला. पीठ काचेतून वाऱ्यावर गेलं असं ठरलं, आणि जगदेव कुठं गेला हे ठरायचं राहिलं.

घरासमोर गाडी थांबली तरी माय उतरेना. वर्षाराणी, धनराजची बायको, कणकेच्या हातानं बाहेर आली. "काय झालं मामीजी? चक्कर येऊन राह्यली का?" माय म्हणाली, "पीठ हाय आत. आमाले सांगतलं उडालं म्हणून." धनराजनं शांतपणे समजावलं, की ब्लोअर जळाला आहे, उद्या गॅरेजला टाकू, नवा बसवू. माय त्याच्याकडे वळली. "गॅरेजवाला काय करते? नळी घेते, फुस्सकन हवा मारते. माह्या लेकाले वाशीमच्या धुळीत घालशीन काय?" धनराज म्हणाला, "माय, ते पीठ हाय. जगदेव नाही." "मले समजते पीठ काय असते ते. तू कवा जात्यावर दयलं?" पुढच्या पंधरवड्यात वर्षश्राद्ध होतं; वहिनीचे गावाहून फोन येत होते, माणसं किती, स्वयंपाक कोणाकडे. मायनं तिथंच, सीटवर बसून निकाल दिला. "कोनाचं वर्षश्राद्ध? पाह्यलं काय कोनी तो गेला म्हणून? आधी उघड. मले दाखव. मंग घाला काय घालायचं ते." दिवसातून दोनदा ती जगदेवसाठी भाकर बाजूला काढत असे, धनराजच्या घरी आल्यावरही. संध्याकाळी वर्षाराणी ती मुकाट्यानं गाईला घाली. जगदेव 'येते', जगदेव 'म्हणते', असं माय वर्तमानकाळातच बोलायची, आणि ते ऐकून ऐकून एकदा वर्षाराणीनं चहाचा एक कप जास्त ठेवला होता. तो कोणी प्यायला हे त्या दिवशी कोणालाच नीट आठवेना.

म्हणून धनराजनं ब्लोअर घरीच काढायचं ठरवलं. पार्ट कुरिअरनं मागवला. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात कुठल्याशा बर्फाळ देशातला एक माणूस बोटं उघडी राहतील असे मोजे घालून हसत हसत हेच काम करत होता. त्याच्यामागे गुडघाभर बर्फ होता आणि हीटर नसला तर माणूस मरतो असा त्याचा एकूण आशय होता. धनराजनं तो पुनःपुन्हा पाहिला. ग्लोव्हबॉक्स काढा, वायरची क्लिप सोडवा, मोटरचे स्क्रू फिरवा, मोटर खाली हातात येते. सोपं होतं. अवघड भाग व्हिडिओत नव्हता. तो त्यानं स्वतःच आखला होता आणि त्यात त्याला कसलीही लाज वाटत नव्हती, असं तो स्वतःला बजावत होता. आत पिठाचा थर सापडणारच. त्यावर तो बोटांनी पाऊल काढणार, मोबाइलनं फोटो घेणार, मायला दाखवणार. माय रडेल. इतकी वर्षं गावोगाव, शाळाशाळांतून नारळातून निघणारे केस आणि पाण्यावर पेटणारे दिवे उघडे पाडून दाखवल्यावर, एक पाऊल उमटवायचा हक्क आपल्याला असावा. प्रश्न फक्त कोणाचं, एवढाच होता. बैलाचं नको, जगदेवनं ह्या जन्मात पुरेसं ओढलं. माणसाचं तर मुळीच नको, माय जिल्हाभर तान्ही पोरं शोधत फिरेल. मांजर घरात शिरेल. शेवटी त्यानं साळुंकी नक्की केली. नांगराच्या मागून चालणारी, मातीतले किडे टिपणारी, बडबडी. जगदेवला शोभली असती. दुपारी माय निजली असताना तो परातीत पीठ पसरून सराव करत बसला.

"अवो, हे काय करून राह्यले तुमी?" वर्षाराणी मागं उभी होती.

"साळुंकी."

"मले त कोंबडी दिसते." तिनं पदर खोचला, खाली बसली आणि मधलं बोट लांब करून दाखवलं. "असं. मांगचं बोट बी येते तिचं." मग परात बाजूला सारून म्हणाली, "कॉलेजात पोराईले काय सांगता मंग?" ती पीठ पुन्हा डब्यात भरू लागली, आणि भरता भरता थांबली. "एक इचारू? खरंच उमटेल असलं त?" "मग काय, बरंच झालं," तो म्हणाला. "आपली मेहनत वाचली." दोघंही हसले, पण तिनं ते पीठ डब्यात न भरता मोरीत टाकलं.

रविवारी सकाळी अंगणात ऊन यायच्या आधीच माय खुर्ची घेऊन ओट्यावर बसली. धनराजनं डावीकडचं दार उघडलं, सीट मागं सरकवली आणि ग्लोव्हबॉक्स रिकामा केला. जगदेवचा चष्मा, चुन्याची डबी, बाजार समितीच्या पावत्यांचा चुरा. मग खोका खाली लोंबकळला, आणि आत जायचं तर एकच आसन शक्य होतं. पाय सीटच्या पाठीवर, पाठ सीटच्या बैठकीवर, डोकं उलटं खाली, डॅशबोर्डच्या पोटाखाली. रक्त कपाळात उतरलं. जग उलटं झालं. पायांच्या पलीकडे आकाशाचा तुकडा, त्यात मायचं लुगडं. वायरची क्लिप निघाली. स्क्रू जुने होते, पण जगदेवच्या वस्तू नेहमी सहज सुटायच्या. तो प्रत्येक पेचाला तेल देणारा माणूस. मोटर हातात आली, जड, आणि तिच्यावरचं पंख्याचं चाक एका बाजूनं पिठाच्या कडक ढेपेनं भरलेलं होतं. म्हणून ती वर्षभर खडखडत होती. समतोल बिघडला होता, बस. धनराजला बरं वाटलं. एखाद्या उदाहरणाचं उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळावं तसं. मग वरच्या गोल काळ्या भोकातून वास आला.

ज्वारीचा. पण नुसत्या पिठाचा नव्हे, कणगीतला. लहानपणी ज्वारी संपत आली की कणगीच्या तळाशी उरलेली झाडून काढायला धनराजला वरून आत सोडायचे, कारण तो बारीक होता. आत अंधार, तुसाची खाज, आणि तळाशी धान्य काढायचं एवढंसं भोक. जगदेव बाहेर त्या भोकाला तोंड लावून बसायचा. "हायेस काय रे?" तो विचारायचा. "हाय," धनराज आतून म्हणायचा. थोड्या वेळानं पुन्हा, "हायेस काय?" कधी कधी तो मुद्दाम उत्तर द्यायचा नाही. तेव्हा भोकातून येणारा थोडासा उजेड नाहीसा व्हायचा, म्हणजे जगदेवनं डोळा लावलेला असायचा. मोठा, ओला, काहीच न दिसणारा डोळा. आत असलेल्याला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही, हे प्रकाशाचं तत्त्व धनराज तिथं शिकला होता. आता तो बाहेर होता. उलटा पडून भोकाकडे पाहत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. जगदेवचं ते जुनं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं. ते विचारायचं नाही, एवढं भान त्याला होतं. ओट्यावरून मायचा आवाज आला. "हाय काय?" तो दचकला. डोकं लोखंडाला लागलं. "पाह्यतो," तो ओरडला, गरजेपेक्षा मोठ्यानं.

मोबाइल भोकातून वर सरकवून त्यानं टॉर्चसकट फोटो घेतला. पंख्याभोवतीच्या वळणदार पोकळीत पीठ होतं. ढेप नव्हती, बुरशी नव्हती. कोणी आत्ताच चाळून, ताट हलवून सारखं करावं तसं, काठापासून काठापर्यंत सपाट. जिथं वर्षभर वारा घोंघावला तिथं. भिंतीलगत हवेचा वेग कमी होत होत शून्यावर येतो, हे त्यानं मनात म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. त्यावर एकही खूण नव्हती, तर तेही ठीकच होतं. कोरी जागा त्याला हवीच होती. त्यानं हात वर घातला, अंदाजानं बोटं टेकवली. पीठ कोमट होतं. काल दुपारपासून गाडी कोणी सुरू केली नव्हती, आणि ऊन अजून ओट्याच्या पायरीपर्यंतच आलं होतं. त्यानं बायकोनं शिकवलं तसं मधलं बोट लांब ओढलं, मागचा नखाएवढा ठसा दिला, हात काढला. बोटं पांढरी झाली होती. फोटो घेतला. फोटोत पीठ सपाट होतं. कोन चुकला असेल म्हणून त्यानं पुन्हा घेतला. मग पुन्हा हात घातला, ह्या वेळी बोटं खोल रुतवली, खालचं प्लॅस्टिक लागेपर्यंत. पीठ बोटांभोवती जवळ आलं. ते काही त्याला धरत नव्हतं, तो असं म्हणालाही नसता. पण बोटं काढताना त्याला किंचित ओढ लागली, चिखलातून पाय काढताना लागते तशी. फोटो. सपाट. विद्यार्थ्यांना तो सांगत असे की प्रयोग फसला तर उपकरण तपासा. त्यानं मोबाइलची काच शर्टला पुसली. शर्टावर बोटांची पांढरी रेघ उमटली, स्वच्छ, ठळक. म्हणजे पिठात काही दोष नव्हता. तिसऱ्यांदा हात घालायचा त्याला धीर झाला नाही. खोटेपणा नको म्हणून नव्हे. आपण तिथं जे काही लिहू ते ऐकून घेतलं जात आहे आणि नाकारलं जात आहे, असं त्याला उलट्या लटकलेल्या डोक्यात अगदी स्पष्ट वाटलं, आणि हे सुलट झाल्यावर वाटणार नाही म्हणून तो घाईघाईनं सुलट झाला. वाटायचं थांबलं नाही.

माय दाराशी येऊन उभी होती. त्यानं मोबाइल पुढे केला. खरं बोलण्याची वेळ आपल्यावर दुसरं काहीच जमलं नाही म्हणून यावी, ह्याचं त्याला थोडं नवल वाटलं. "कोरं हाय, माय. काहीच नाही उमटलं." तिनं चष्मा वर करून फोटो पाहिला, बराच वेळ. वर्षाराणी मागं येऊन उभी राहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिनं साळुंकीबद्दल काही विचारलं नाही. "मले वाटलंच," माय म्हणाली. "लाव तो नवा पंखा. अन् चालू कर."

"पीठ उडंन सगळं अंगावर. आधी पुसून घेतो."

"पुसू नको. गरम सोड. त्याले जसं लागते तसं."

नवा ब्लोअर बसवायला वेळ लागला नाही. ड्रायव्हरकडची बाजू कंपाउंडच्या भिंतीला खेटून होती, तिकडचं दार उघडतच नसे. तेव्हा धनराज डावीकडून आत सरकला, इंजिन सुरू केलं, तापमानाचा काटा वर चढेपर्यंत बसला, हीटरचं बटण मायला दाखवलं आणि पुन्हा डावीकडूनच बाहेर आला. माय लुगडं सावरत आपल्या जागी बसली. दार उघडंच होतं. तो दारात उभा राहिला. मायनं बटण धरलं आणि एकदम शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं.

नव्या पंख्याचा आवाज अगदीच मऊ होता. आधी काही झालं नाही. मग सगळ्या जाळ्यांतून एकदम पांढरं आलं, आणि गाडीच्या आत धुकं भरलं. गरम, गोड वासाचं. माय खोकली नाही. धनराजनं श्वास रोखला. पीठ बसू लागलं. डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवर, आरशावर, मायच्या केसांवर, काळ्या चष्म्यावर, मागच्या सीटवर. सगळं एका रंगाचं झालं. फक्त ड्रायव्हरची सीट झाली नाही. तिचं राखाडी कव्हर स्वच्छ होतं. पाठीशी रुंद, वर खांद्यांशी निमुळतं, खाली दोन मांड्यांएवढं, आणि त्या आकाराच्या कडेला पीठ नीट रेघ धरून थांबलं होतं. उजवीकडची जाळी बंद राहिली असणार, असं धनराजनं ठरवलं आणि तिकडे पाहिलं. जाळी उघडी होती. ती सरळ त्या सीटवर रोखलेली होती. मागं वर्षाराणीनं तोंडाला पदर लावला.

मायनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बसेल हाय," ती म्हणाली, पाहुणा ओट्यावर बसलेला दिसावा इतक्या साधेपणानं. "हात पाहू तुहा." तिनं आपला हात गिअरच्या पलीकडे, रिकाम्या जागेत नेला आणि बोटं मिटली, पूर्ण नाही, आत काहीतरी मावेल इतकी. गरम झोत तिच्या मनगटावरून वाहत होता, धनराजला तो दारातही चेहऱ्यावर लागत होता. माय तशीच थांबली. मग तिचा चेहरा एका बाजूनं हलला.

"थंड हाय," ती म्हणाली. "वर्षे, थंड पडला वं हात याचा. बरफासारखा." आणि ती रडली. पिठानं पांढऱ्या झालेल्या गालांवरून रेघा उतरल्या, नाकातून, हनुवटीवरून, आवाज न आवरता, गल्लीतल्या बायका दाराशी येतील अशा आवाजात, एका वर्षाचं, कोणाला काही न विचारता. हात तिनं सोडला नाही. बऱ्याच वेळानं, आवाज बसल्यावर, ती त्या बाजूला वाकून लहान पोराशी बोलावं तशी बोलली. "जाय बापा आता. झालं. तुह्या भावाले गाडी चालवू दे."

हवेत अजून थोडं पीठ तरंगत होतं. ते सावकाश खाली येऊ लागलं, राखाडी सीटवर, पाठीवर आधी, मग बैठकीवर, आणि आकाराच्या कडा मऊ होत गेल्या. उजवीकडे भिंत होती. मायनं बोटं उघडली, लुगड्याचा सोगा गोळा केला आणि गुडघे आत वळवून एका कुशीला सरकली, बसमध्ये खिडकीजवळच्या माणसाला उतरायचं असलं की सरकतात तशी.

धनराज दारातून बाजूला झाला.